फिंडलेच्या बाजारात घासाघीस

अमेरिकेत राहायला आलं की माणसाची भाव करायची सवय हळूहळू मोडते. दुकानात चिठ्ठीवर आकडा असतो, गल्ल्यावर त्यात कर मिसळतो आणि आपण मुकाट कार्ड पुढे करतो. "काही कमी होईल का?" असं विचारणार कुणाला? समोर असतो तो तासावर काम करणारा कॉलेजचा पोरगा, आणि त्याच्या हातात काहीच नसतं. घर आणि मोटार सोडली तर घासाघिशीला जागा उरते ती लोकांच्या अंगणात मांडलेल्या गराज सेलची, पण तिथे वस्तू इतक्या स्वस्त असतात की भाव करायची आपल्यालाच लाज वाटते. मला ही सवय पुन्हा लागली ती ओहायोतल्या फिंडले गावी, जुन्या एअरगनच्या बाजारात.

फिंडले हे टोलेडोहून खाली जाणाऱ्या आय-७५ महामार्गावरचं गाव, हॅनकॉक काउंटीचं ठाणं. भोवती नजर पोचेल तिथवर सपाट रान, मका आणि सोयाबीन. गावाबाहेर काउंटीची जत्रा भरते ते मैदान आहे, आणि त्यातल्याच एका इमारतीत 'टॉइज दॅट शूट' नावाचा एअरगन शो भरतो. असे शो अर्कान्सातल्या मॅल्व्हर्नलाही भरत आलेले आहेत, इतरत्रही भरतात. व्हर्जिनियातलं रोअनोक तर कितीतरी वर्षं या मंडळींची पंढरी होतं. लांबच लांब टेबलं, त्यावर कुणाच्या घरातली जुनी ब्लँकेटं अंथरलेली, आणि ब्लँकेटांवर बंदुका. टेबलांमागचे बहुतेक साठीच्या पुढचे: निवृत्त टूलमेकर, मेकॅनिक, शेतकरी. मोटार कारखान्यांच्या या पट्ट्यात हजारांश इंचाच्या हिशेबात आयुष्य घालवलेल्या माणसांचा तुटवडा नाही, आणि छर्‍याची जुनी बंदूक ही त्यांच्या हाताला समजणारी वस्तू आहे.

त्या बंदुका बनवणाऱ्यांचा इतिहास मला बंदुकांहून जास्त आवडतो. डेझी कंपनी मुळात पवनचक्क्या बनवायची. १८८२ साली मिशिगनमधल्या प्लिमथला ती निघाली तेव्हा तिचं नाव होतं प्लिमथ आयर्न विंडमिल कंपनी. शेतकऱ्यांनी पवनचक्की घ्यावी म्हणून सोबत एक लोखंडी एअरगन भेट द्यायला सुरुवात झाली, पवनचक्क्या मागे पडल्या, बंदूकच चालली, आणि १८९५ मध्ये कंपनीनं नावच बदललं. क्रॉसमन या दुसऱ्या एअरगन कंपनीचं मूळ न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टरच्या बियाण्यांच्या व्यापारात. हर्किमर गावच्या क्वाकेनबुशनं १८७१ साली हवेच्या पिस्तुलाचं पेटंट घेतलं, पण पुढे त्याच्या कारखान्याचं नाव झालं ते अक्रोड फोडायच्या अडकित्त्यांसाठी. हे सगळं ऐकल्यावर मी तिथल्या मंडळींना आमच्याकडची गोष्ट सांगतो. वालचंद हिराचंद यांच्या उद्योगसमूहातली इंडियन ह्यूम पाइप ही सिमेंटचे पाणीपुरवठ्याचे पाइप करणारी कंपनी. तिनंच भारतातल्या कितीतरी पोरांच्या हातात पहिली एअर रायफल दिली. पवनचक्की, बियाणं, अडकित्ता आणि पाइप. या यादीवर तिथे हमखास हशा येतो, आणि हशानंतर भाव करायला सोपं जातं, हेही खरं.

एक कायद्याची गोष्ट सांगायला हवी, कारण तिच्याशिवाय हा बाजार भरलाच नसता. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात बंदूक म्हणजे स्फोटक दारूनं गोळी उडवणारं हत्यार. हवेवर किंवा कार्बन डायऑक्साइडवर चालणारं यंत्र त्या व्याख्येत बसत नाही. न्यू जर्सीसारखी काही राज्यं त्यालाही बंदूकच मानतात, पण ओहायोत नोटा मोजा आणि वस्तू उचला. माझ्यासारख्या, इथे बरीच वर्षं एच-१बी व्हिसावर काढलेल्या माणसाला या फरकाचं महत्त्व अधिक. त्या व्हिसावर खरी बंदूक बाळगायला, शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले तर, सरळ मनाई असते. एअरगन मात्र चालते. भारतात २०१६च्या शस्त्र नियमांनी वीस ज्यूल शक्ती आणि ४.५ मिलिमीटर नळी अशी रेघ आखली आहे. तिच्या पलीकडे परवाना लागतो. फिंडलेच्या टेबलांवरच्या निम्म्या वस्तू तिकडे परवान्यात अडकल्या असत्या.

तर घासाघीस. तिचं खरं रूप मला कळलं ते डायना २७ च्या निमित्तानं. ही जर्मन बनावटीची, नळी मधोमध मोडून ताण भरायची स्प्रिंगची रायफल. दिसायला साधी, वजनाला हलकी, आणि घोडा असा मऊ की पहिल्यांदा ओढणारा दचकतो. तिच्या घोड्यात तीन पोलादी गोळ्या असतात. अज्ञानानं कुणी उघडली की त्या जमिनीवर उड्या मारत कपाटाखाली जातात. हीच रायफल अमेरिकेत तीन नावांनी विकली गेली. जर्मन छापाची डायना २७, हाय-स्कोर कंपनीनं आणली ती ८०७, आणि सत्तरच्या दशकाच्या सुमाराला खऱ्या बंदुकांसाठी नावाजलेल्या विंचेस्टरनं आपला शिक्का मारून विकली ती ४२७. लाकूड, लोखंड, कारखाना, सगळं तेच. पण टेबलावर तिघींचे भाव वेगळे असतात. विंचेस्टरचं नाव असलेलं काहीही जमवणारी एक वेगळीच जमात आहे. तिला एअरगनमध्ये रस नसतो, शिक्क्यात असतो. त्यामुळे ४२७ महाग. हाय-स्कोरचं नाव आता कुणाला फारसं आठवत नाही, म्हणून ८०७ स्वस्त.

एका टेबलावर ८०७ पडली होती, चिठ्ठी सव्वादोनशे डॉलरची. टेबलामागचे आजोबा कॉफी पीत होते. मी "हात लावू का?" असं विचारलं. हे विचारणं फार महत्त्वाचं आहे. न विचारता उचलणाऱ्याला तिथे कुणी काही बोलत नाही, पण त्याच्यासाठी भाव मात्र खाली येत नाही. आणि न विचारता नळी मोडून रिकामीच उडवली तर संपलंच. पुढे छर्रा नसला की दट्ट्याला अडवणारी हवा राहत नाही, तो आपटतो आणि सील फाटतं. मी तिच्या मागच्या बाजूला ठोकलेला महिना आणि साल बघितलं, स्क्रूंच्या खाचा बघितल्या, दस्त्याला कुठे पुन्हा पॉलिश मारलंय का ते उजेडात धरून बघितलं. आजोबा माझ्या बंदुकीकडे नव्हे, माझ्या बोटांकडे बघत होते. मी काय तपासतोय त्यावरून मला किती कळतं याचा अंदाज घेणं चाललं होतं.

"मूळची डायनाच ना ही?" मी म्हणालो.

"हो. पण नावाचे पैसे मी लावलेले नाहीत," आजोबा म्हणाले. म्हणजे ही स्वस्त का आहे हे तुला माहीत आहे, मलाही माहीत आहे, तेव्हा तो मुद्दा भाव पाडायला वापरू नकोस.

मी एकशे ऐंशी म्हणालो. त्यांनी मान हलवली. मग स्वतःच सांगितलं की स्प्रिंग बदललेली आहे, नवी त्यांनीच बसवली, जुनी पिशवीत आहे, ती सोबत देतील. संग्रहाच्या दृष्टीनं मूळ स्प्रिंग नसणं हा उणेपणा आणि वापरणाऱ्याच्या दृष्टीनं नवी स्प्रिंग हा फायदा. हे त्यांनी भाव ठरायच्या आधी बोलून टाकलं. त्यानंतर एकशे ऐंशीला धरून बसणं मला अवघड गेलं. दोनशेला जमलं, जुन्या स्प्रिंगसकट, आणि वर छर्‍यांचा अर्धा भरलेला डबा.

पंचवीस डॉलर कमी झाले हा या सौद्यातला सर्वांत किरकोळ भाग. तिथे बोलणी सुरू होतात ती दोघांना एकमेकांचं ज्ञान मोजायचं असतं म्हणून. आकडा नंतर येतो. ज्यानं दोष आधी सांगितला त्याचा आकडा फारसा हलत नाही, आणि गिऱ्हाइकानं दोष हुडकून काढला तर विकणाऱ्याला एकदम खाली यावं लागतं. कारण त्या हॉलमध्ये पुढच्या वर्षीही तीच माणसं असतात. एखाद्यानं गळकी बंदूक "परवाच उडवून बघितली, झकास आहे" म्हणून खपवली तर जेवणाच्या सुट्टीपर्यंत चार टेबलांना कळलेलं असतं.

गळकी कशी ओळखायची, यालाही रीत आहे. हाताच्या पंपानं हवा भरायच्या रायफली, म्हणजे शेरिडन, बेंजामिन वगैरे, घरी ठेवताना आत एक-दोन पंप हवा राहू द्यायची असते. त्या दाबानं झडप बंद राहते आणि धूळ शिरत नाही. जाणता विकणारा हे पाळतो. जाणतं गिऱ्हाईक परवानगी घेऊन, नळी वाळूच्या डब्याकडे धरून, घोडा ओढतं आणि कान देतं. फस्सकन आवाज आला तर हवा टिकलेली आहे. काहीच आलं नाही तर दोघंही एकमेकांकडे बघतात आणि भाव आपोआप खाली सरकतो. फाइनवेर्कबाउ १२४ या सुंदर जर्मन रायफलीचं दुखणं निराळं. तिच्या दट्ट्याचं मूळ सील अशा प्लास्टिकचं होतं की वापरा किंवा नुसती ठेवा, वर्षं गेली की त्याचा भुगा होतो. त्यामुळे "डबाबंद, एकदाही न उडवलेली" अशी १२४ कुणी अभिमानानं दाखवली की माहीतगार हसून विचारतो, "मग सील कधी बदलणार?"

भाव करणाऱ्यांच्या पाठीशी एक पुस्तकही असतं. एअरगनच्या किमतींचं 'ब्लू बुक' २००१ साली पहिल्यांदा निघालं, आणि तेव्हापासून टेबलांखाली, काखेत, पिशवीत ते दिसतं. लोखंडावरचा मूळ निळा-काळा मुलामा किती टक्के शिल्लक आहे त्यावर तिथे किंमत ठरते. नव्वद टक्के, साठ टक्के. वाचायला सोपं, पण दोन माणसं एकाच नळीकडे बघून नव्वद आणि सत्तर म्हणतात आणि दोघंही प्रामाणिक असतात. विकणारा पुस्तकातला आकडा दाखवतो तो वरच्या प्रतीचा, घेणारा दाखवतो तो खालच्या प्रतीचा. मला हे पुस्तक माहितीसाठी प्रिय आहे, भाव करायला मात्र नाही. ते उघडलं की बोलणं थांबतं आणि वकिली सुरू होते. त्याहून वाईट म्हणजे पुन्हा मुलामा चढवलेली, नव्यासारखी चकाकणारी बंदूक. नवख्याला तीच आवडते. जुन्या लोकांच्या लेखी तिची निम्मी किंमत त्या चकाकीतच गेलेली असते.

काही वस्तूंची गोष्ट किमतीत धरलेली असते. वाल्थर एलपी ५३ हे पिस्तूल ज्या टेबलावर असेल तिथे तुम्ही न विचारता जेम्स बाँड ऐकवला जातो. शॉन कॉनरीचे प्रसिद्धीचे फोटो काढायचे होते, बाँडचं पिस्तूल आणायला मंडळी विसरली, मग छायाचित्रकारानं स्वतःचं हवेचं पिस्तूल त्याच्या हातात दिलं. जगभरच्या पोस्टरांवर बाँड छर्‍याचं पिस्तूल घेऊन उभा राहिला. ते नेमकं पिस्तूल २०१० साली लंडनच्या ख्रिस्टीजच्या लिलावात २,७७,२५० पौंडांना गेलं. टेबलावरचं त्याचं भावंड काही शे डॉलरचं असतं, पण लिलावाचा आकडा ऐकवल्यावर ते स्वस्त वाटायला लागतं. विकणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक आहे.

माझे आजोबा खरसुंडीच्या जत्रेत खिलार बैल घ्यायला जायचे. तिथे हेडी, म्हणजे गुरांचा दलाल, आणि गिऱ्हाईक एकमेकांचा हात रुमालाखाली धरत. बोटं दाबून आकडा सांगायचा, तोंडानं एक शब्द नाही, भोवती गर्दी असली तरी भाव त्या दोघांतच. फिंडलेत याच्या अगदी उलट. सगळं उघड्यावर, शेजारच्या टेबलाला ऐकू जाईल असं. शेजारी तोंडही घालतो: "अरे, त्याचा पंपाचा दांडा बदललेला आहे, सांगितलंस का त्याला?" विकणारा चिडत नाही, म्हणतो, "सांगणारच होतो." कधी खरंच सांगणार असतो, कधी नसतो. मला वाटतं रुमालाखालचा भाव हेड्याच्या सोयीचा होता. दुसऱ्यानं काय दिलं हे कुणालाच कळू नये, यातच त्याची रोजी होती. इथे हेडी नाही. जो विकतो तोच उद्या घेणारा असतो, आणि बऱ्याचदा त्याच दिवशी दुपारी. दारं उघडायच्या आधी टेबलवाले आपसात फिरतात तेव्हाच निम्मी चांगली वस्तू एका टेबलावरून दुसऱ्यावर गेलेली असते, तीस-चाळीस डॉलर वाढवून. मग बाहेरच्यांनी दहा वाजता येऊन कुरकुर करायची.

या उघडेपणाचा एक प्रसंग सांगतो. एका टेबलामागे एक बाई एकट्याच बसल्या होत्या. नवरा वारला होता, त्याचा संग्रह विकायला आणला होता. चिठ्ठ्या त्याच्याच अक्षरातल्या, वर्षांपूर्वीच्या. त्यात एक शेरिडन मॉडेल ए होती. शेरिडन म्हणजे विस्कॉन्सिनच्या रसीन गावची कंपनी. १९४७ साली तिनं ही पहिली रायफल काढली, अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, पितळ आणि कांस्याचं काम, आणि किंमत ५६.५० डॉलर. पोरांची एअरगन पाच डॉलरच्या आसपास मिळायची त्या काळात एवढे पैसे कोण देणार? दोन हजारांच्या थोड्या वर विकल्या गेल्या आणि कंपनीनं ती बंद केली. आज जमवणारे तिला सुपरग्रेड म्हणतात आणि तिच्यासाठी हजाराच्या पुढे जातात. बाईंच्या चिठ्ठीवर तीनशे लिहिलं होतं. एका पन्नाशीच्या गृहस्थानं ती उचलली, आणि त्याहीउप्पर विचारलं, "अडीचशेला द्याल का?"

बाई विचारात पडल्या. तेवढ्यात पलीकडच्या टेबलावरचा माणूस उठून आला, रायफल त्या गृहस्थाच्या हातातून शांतपणे काढून घेतली आणि बाईंना म्हणाला, "ही आज विकू नका. आधी मी सांगतो हिचं काय ते." गृहस्थ भडकला. चिठ्ठी म्हणजे चिठ्ठी, लिहिलेल्या भावाला विकायलाच हवी, वगैरे. त्याच्या बाजूनंही दोन-तीन जण होते. त्यांचं म्हणणं असं की ज्ञानाचा फायदा घ्यायचा नाही तर बाजारात यायचं कशाला. आपण वर्षानुवर्षं वाचलं, पैसे घालवले, त्याचं फळ हेच.

हा युक्तिवाद मला अर्धाच पटतो. स्वतःच्या टेबलावर स्वतःच चुकीचा भाव लावणाऱ्या मुरलेल्या विक्रेत्याला मी काही सांगायला जाणार नाही. त्याची वस्तू, त्याचा अभ्यास. मला स्वस्त पडली तर संध्याकाळी त्यालाच कॉफी पाजून दाखवीन, आणि तो शिव्या देत हसेल. त्या बाईंच्या पुढ्यात मात्र घासाघीस चाललीच नव्हती. घासाघिशीला दोन्हीकडे माहीतगार लागतात. एकच माहीतगार असेल तर तो नुसता उचलून नेत असतो, वर पन्नास डॉलर कमी मागतो ही त्याची हाव. रायफल त्या दिवशी विकली गेली नाही. पुढे तिचं काय झालं मला कळलं नाही, पण त्या गृहस्थाला दिवसभरात कुणी भाव पाडून दिल्याचं मी पाहिलं नाही.

हॉलच्या एका बाजूला नव्या बंदुकांचे स्टॉल असतात. कार्बन फायबरच्या टाक्या, दुर्बिणी, दोनशे बारचा दाब, तरुण गर्दी. तिथे भाव ठरलेला असतो, कार्ड चालतं, टोपी फुकट मिळते. मी तिथून लवकर निघतो.

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर बाजाराचा सूर बदलतो. परत गाडीत भरायचा कंटाळा हा सर्वांत मोठा दलाल. सकाळी "एक डॉलर कमी नाही" म्हणणारा दोन वाजता तुम्हाला नावानं हाक मारतो. सुट्या भागांची खोकी वजनावर गेल्यासारखी जातात; त्यांत झडपा, स्क्रू, कुठल्या तरी डेझीचा तुटका दांडा, आणि तळाशी एखादी अशी गोष्ट जी कुणीतरी दोन वर्षं शोधत असतो. पैसे नसले तर अदलाबदल: माझी ही घे, तुझी ती दे, आणि वर चाळीस. कोणी कोणाला वर किती द्यायचे यावर जेवढा वेळ जातो तेवढा रोख सौद्यात कधीच जात नाही, कारण आपल्या वस्तूचं प्रेम आणि त्याच्या वस्तूची हाव एकाच वेळी तोलायची असते.

यालाही अपवाद म्हणजे इंडियानाहून येणारे एक म्हातारबुवा. त्यांच्या टेबलावर क्वाकेनबुशची एक जुनी रायफल नेहमी असते, सहाशे डॉलर. पुष्कळ जास्त. कुणी पाचशे म्हटलं की ते कानावरची यंत्रणा नीट करतात आणि ऐकू न आल्यासारखं दाखवतात. दोन्ही दिवस ती टेबलावर, मग परत घरी. त्यांना ती विकायचीच नाही, हे सगळ्यांना माहीत. यंदा मिशिगनचा एक नवा माणूस आला, चिठ्ठी वाचली, एक शब्द न बोलता सहाशे मोजले आणि रायफल काखोटीला मारून चालू लागला. म्हातारबुवा नोटा हातात घेऊन जरा वेळ बसले. अर्ध्या तासानं ते मला पार्किंगमध्ये दिसले, त्या माणसाच्या गाडीपाशी. रायफल परत मागत होते. त्यानं शंभर जास्त सांगितले. म्हातारबुवा म्हणाले, फार होतात, दस्त्याला चीर आहे, मुलामा साठ टक्केसुद्धा नाही. साठ जास्तीवर जमलं.